पंपाचं दुसरं टोक

सकाळी नळाला पाणी आलं आणि स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली, "अहो, आधी इकडे या!" इंजिनिअरसाहेब दाढीचा फेस तसाच ठेवून गेले. तिने पेला पुढे केला. पाणी चहाच्या रंगाचं, वरून कुजका वास.

"प्या ना. शहराचे इंजिनिअर तुम्ही!"

साहेबांचं डोकंच फिरलं. जलशुद्धीकरण केंद्राची प्रमुख म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण. त्यांनी फोनवरच तोंडसुख घेतलं. "ताई, झोपा काढता का तिथे? नळाला चिखल येतोय!"

"येणारच," ताई म्हणाली. "तळ्यावर ये. मी इथेच उभी आहे."

शहराच्या वरच्या अंगाच्या त्या तळ्यातला गाळ काढायचं काम साहेबांकडेच होतं. रविवारी नगराध्यक्ष पाहायला येणार, तोवर तळ लख्ख व्हायला हवा! म्हणून साहेबांनी दोन्ही टोकांनी एकदम पोकलेन उतरवले, काठावरची लव्हाळी मुळासकट उपटायला लावली आणि घुसळलेलं पाणी पंपाने सरळ ओढ्यात सोडलं. तो ओढा पुढे ताईच्या केंद्रात जातो हे त्यांना ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. नकाशा त्यांच्याच टेबलाच्या काचेखाली होता. पण घाई झाली की नाकासमोरचं दिसत नाही, मंडळी!

ताईला दाखवायला साहेब तो पेला हातात घेऊनच तणतणत पोहोचले. ताईने खिशातली बाटली काढली, पंपाच्या नळीखाली भरली आणि पेल्याशेजारी धरली. तोच रंग, तोच वास. काठाशी मासे तोंड वासून तडफडत होते.

"आमच्या गाळण्या तुंबल्यात," ती म्हणाली. "हा पंप दुपारपर्यंत चालला तर शहराचं पाणी बंद करावं लागेल. इस्पितळाचंसुद्धा. बोल, करू?"

"अगं पण रविवार! गाळ काढूच नको म्हणतेस का?"

"काढ की! नाहीतर तळं बुजेल. पण काही रीत आहे ना? आधी अर्धं तळं घे, मधे गाळ अडवणारा पडदा लाव, उरलेल्या अर्ध्यात जीव तग धरतील. उपसलेलं पाणी खड्ड्यात निवळू दे, मग सोड. कारखान्याकडच्या गाळात विष असू शकतं, तो तपासल्याशिवाय खत म्हणून कुणाच्या बागेत टाकू नकोस. आणि उरलेल्या लव्हाळीला हात लावू नको, काठ तिनेच धरून ठेवलाय."

"नगराध्यक्षांना काय सांगू?"

"हा पेला दे त्यांच्या हातात!"

साहेबांनी हातातल्या पेल्याकडे पाहिलं. इस्पितळातल्या कुणा आजाऱ्याच्या उशाशी असाच पेला असेल! "बंद करा! पंप बंद करा!" ओरडत ते स्वतःच धावले.

रविवारी नगराध्यक्ष आले. अर्धवट तळं पाहून त्यांनी नाक मुरडलं आणि गाडीतून न उतरताच परतले. दुसऱ्या दिवशी साहेबांची चांगलीच खरडपट्टी निघाली. साहेबांनी ती ऐकून घेतली. काम मात्र ताईने सांगितलं तसंच चालू ठेवलं.

त्या संध्याकाळी बायकोने पुन्हा पेला पुढे केला. पाणी नितळ होतं.

"प्या," ती म्हणाली. साहेब एका दमात प्यायले.

मंडळी, तुमच्याही तळ्यात कधी यंत्रं उतरतील. जरूर उतरू द्या, गाळ काढायलाच हवा. फक्त पंपाचं दुसरं टोक कुठे उघडतं, ते आधी बघा. बहुतेक वेळा ते आपल्याच स्वयंपाकघरात उघडतं.