अठ्ठावीस नंबरचा वाडगा

"हात टेबलाखाली कशाला ठेवलेत, बाबा? थंडी वाजतेय का?" ज्येनगांगने विचारले.

"हीटर चालू आहे की. थंडी कसली," दांग शिलिन म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात वर घेतले, पण ते मोकळे दिसू नयेत म्हणून लगेच चहाच्या पेल्याभोवती धरले. पेला चांगलाच तापलेला होता. तळव्यांना चटका बसत होता, तरी त्यांनी तो सोडला नाही. त्यांचा उजवा पाय मात्र टेबलाखाली शिवणयंत्राच्या पायडलवर असल्यासारखा हलत राहिला.

मुलगा शुक्रवारी टोरांटोहून आला होता. गुरुवारी परत जाणार होता, आणि परतीची तिकिटे त्याने तीन काढली होती: एक स्वतःचे, एक बायकोचे, एक बापाचे. "मी आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. तुमचं एकट्याचं नीट चाललं असेल तर तिकीट रद्द करतो. मग माझं काही म्हणणं नाही," असे तो फोनवर म्हणाला होता. तेव्हापासून तो बघतच होता. फ्रिज उघडून बघत होता, शेगडीची बटणे फिरवून बघत होता, औषधांच्या डबीतले वार मोजत होता. दोन दिवस दांग यांनी निभावून नेले. भात स्वतः न वाढता ज्याचा त्याला कुकरमधून घ्यायला लावला, चहा सुनेला ओतायला सांगितला. आणि आज रविवारी दुपारी ज्येनगांग त्यांना रिचमंडमधल्या मा आचाऱ्यांच्या खाणावळीत घेऊन आला. आईच्या आवडीची जागा, म्हणून. इथे मटणाच्या रश्श्यातली भाकरी मिळते, त्यांच्या गावी, शिआनला मिळते तशीच. आणि ती भाकरी ज्याची त्याने आपल्या हातांनी कुस्करायची असते.

माणशी दोन भाकऱ्या आणि एक रिकामा वाडगा समोर आला. शिजून आलेला वाडगा ज्याचा त्याला मिळावा म्हणून प्रत्येकाच्या कडेला नंबराचा पत्र्याचा चाप लावलेला होता. दांग यांचा सत्तावीस, शेजारी बसलेल्या मुलीचा, वेनछिनचा, अठ्ठावीस.

"हे मला आजतागायत कळलेलं नाही," सून पेइयिंग म्हणाली. ती कँटनची. "आमच्याकडे स्वयंपाक आचारी करतो. तुमच्याकडे गिऱ्हाइकाला कामाला लावतात."

"काम येत नसेल तर तसं सांग," ज्येनगांग म्हणाला. "गेल्या वेळी हिने असे धोंडे टाकले होते की मा आचारी बाहेर येऊन विचारत होते, कुठे भिंत बांधायची आहे का?"

"आणि तरी त्यांनी मला मटण जास्त घातलं होतं."

"दया आली असेल."

वेनछिन हसली, पण तिचे लक्ष बापाच्या हातांकडे होते. ती वृद्धाश्रमात सेविका होती. माणसाचा हात कपाकडे कसा जातो, एवढ्यावरून पुढचे वर्ष कसे जाणार याचा तिला अंदाज येत असे.

दांग यांनी भाकरी उचलली. कडक, जाड, अर्धवट फुगलेली भाकरी. आधी ती मधून सोलून दोन करायची, मग चार, मग बोटांच्या चिमटीने मुगाएवढे कण पाडायचे. कण बारीक असतील तर आचाऱ्याला कळते की खाणारा जाणता आहे, आणि तो मन लावून शिजवतो. मोठे तुकडे दिसले की तोही हात आखडतो. साठ वर्षे दांग हे काम गप्पा मारता मारता करत आले होते. शिआनच्या कारखान्यात दुपारच्या सुट्टीत ते सगळ्यांच्या आधी वाडगा भरून भटारखान्याच्या खिडकीशी उभे राहत. पुढे इथे परदेशी आल्यावरही शिवणयंत्रांच्या दुरुस्तीच्या दुकानात लोक त्यांना दांग मिस्त्रीच म्हणू लागले. अजून आठवड्यातले तीन दिवस ते दुकानात जात. त्या तीन दिवसांसाठीच बाकीचे चार दिवस असत.

अंगठा भाकरीत रुतला आणि तिथेच थरथरू लागला. मागच्या महिन्यात याच डाव्या अंगठ्याच्या नखातून यंत्राची सुई आरपार गेली होती. वेनछिनने पट्टी बांधली आणि म्हणाली होती, "ज्येनगांगला कशाला सांगायचं." शुक्रवारी ज्येनगांग येण्याआधी त्यांनी ती पट्टी काढून टाकली होती. सुई लागल्यापासून वेनछिन कामावर जाण्याआधी दुकानात येई आणि बॉबिनच्या डबीचे बारीक स्क्रू चिमट्याने लावून ठेवी. उरलेले काम ते ओढून नेत.

चिमटीत भाकरी धरवेना. मग ते नुसते मोडू लागले. बोराएवढा तुकडा, मग सुपारीएवढा. एक तुकडा बोटांतून निसटला आणि टेबलावर घरंगळत गेला. त्यांनी डावा तळवा वाडग्यावर आडवा धरला.

"दुकान कसं चाललंय, बाबा?" ज्येनगांगने फोनवरची नजर काढून विचारले. तो टेबलाच्या मधोमध असलेले फिरते तबक उगाच इकडून तिकडे ढकलत होता. चटणीची आणि गोड लसणाची बशी पुन्हा पुन्हा सगळ्यांसमोरून जात होती.

"चाललंय."

"तळघरातली खोली तयार केलीय आम्ही. खिडकी आहे तिला. पेइयिंगने पडदेसुद्धा लावलेत."

"तिथे शिवणयंत्रं आहेत का?"

"बाबा, तुम्ही एकाहत्तर वर्षांचे आहात."

"ते मी विचारलं नाही."

पेइयिंगने नवऱ्याच्या कोपराला हात लावला. भाकरी मोडल्याचा कोरडा आवाज तेवढा येत राहिला. दांग यांना वाटत होते की उठावे, बाहेर पार्किंगपर्यंत जाऊन यावे. दाराकडे त्यांनी तीनदा बघितले.

"झालं माझं," वेनछिन म्हणाली. "बाबा, तुमचंही झालं ना? आणा, मीच भटारखान्याच्या खिडकीत देऊन येते. मा आचारी आज एकटेच दिसताहेत." त्यांनी हो म्हणण्याआधीच तिने दोन्ही वाडगे उचलले. पाठमोरी होऊन ती खिडकीशी क्षणभर थांबली. मग हात झटकत परत आली, ज्येनगांग आणि पेइयिंगचे वाडगेही देऊन आली आणि पेल्यांत चहा ओतू लागली.

वीस मिनिटांनी मा आचारी स्वतः वाडगे घेऊन बाहेर आले. ज्येनगांग आणि पेइयिंगचे त्यांनी आधी ठेवले.

"सत्तावीस कोणाचा?"

दांग यांनी चहाचा पेला बाजूला सरकवला.

"बाबांचा," वेनछिन म्हणाली.

"वाटलंच मला. हा बघा हात, दांग मिस्त्री. हल्ली लोक विटा फोडून पाठवतात आणि वर म्हणतात, चव नाही. हे बघा, मुगाएवढे कण, आणि प्रत्येकाला पापुद्रा." त्यांनी तो वाडगा अदबीने दांग यांच्यापुढे ठेवला. दुसरा वाडगा ठेवताना मात्र त्यांचा आवाज उतरला. "अठ्ठावीस. याला मी बरीच उकळी दिली, पण आतून कच्चं लागेल. माझा इलाज नाही."

"माझा तो. द्या," वेनछिन म्हणाली.

"ताई, तुझा हात पार बिघडला की," ज्येनगांग हसत म्हणाला. "आई असती तर आज तुला उठवून लावलं असतं."

"काल दोन पाळ्या केल्या. बोटं दुखताहेत."

ज्येनगांग बराच वेळ बापाच्या वाडग्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा दोन दिवसांचा ताण हळूहळू सैल होत गेला. "मी उगाच घाबरलो होतो," तो म्हणाला. "फोनवर तुमचा आवाज बारीक वाटायचा. ठीक आहे, बाबा. ज्याचा हात इतका चालतो त्याला मी कुठे तळघरात बसवू? संध्याकाळी तिकीट रद्द करून टाकतो."

"पडदे वाया गेले," पेइयिंग म्हणाली. पण तिलाही सुटल्यासारखे वाटलेले दिसले.

दांग यांनी चमचा उचलला. जे हवे होते ते मिळाले होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार. दुकानाचे दार, तेलाचा वास, आपले घर. पाय हलायचा थांबला नव्हता. त्यांनी वाडग्यात पाहिले. प्रत्येक कणाला भाजलेल्या पापुद्र्याची बारीक तांबूस कड होती. असे त्यांनी जन्मात केले नव्हते. ते भाकरी चोळून मोकळे होत. त्यांचे पापुद्रे वेगळे आणि गर वेगळा पडे. पापुद्रा सुटला की कण रश्श्यात विरघळतो, असे म्हणत त्यांची बायको गुईलान तीस वर्षे त्यांच्याशी भांडली. असे कण ती पाडी. ती गेल्यावर या टेबलावर असे कण पाडणारी एकच उरली होती. खिडकीशी पाठमोरी उभी राहून तिने चाप बदलले होते.

त्यांनी शेजारी बघितले. वेनछिन मान खाली घालून खात होती. तिने एक मोठा गोळा तोंडात घेतला, बराच वेळ चावला, पाण्याचा घोट घेतला आणि गिळला. मग चमच्याने दुसरा गोळा दाबून फोडायचा प्रयत्न केला; तो फुटला नाही. तिने तोही तसाच उचलला. उद्या पहाटे ती दुकानात येणार होती. परवा नाही, तेरवा पुन्हा.

"बाबा, निवतंय," ती म्हणाली.

"हो."

त्यांनी आपला वाडगा दोन्ही हातांनी उचलला. रस्सा हिंदकळून त्यांच्या मनगटावर सांडला. वाडगा त्यांनी फिरत्या तबकावर ठेवला, आणि तबक हळूच ढकलून तो वेनछिनपुढे आणला. मग हात लांब करून तिच्या समोरचा वाडगा स्वतःकडे ओढला. वाडगा टेबलावर खडखडत आला, कारण तो ओढणारा हात थरथरत होता, आणि आता तो तसाच सगळ्यांसमोर होता.

"अठ्ठावीस माझा," ते म्हणाले.

ज्येनगांगच्या हातातला चमचा खाली आला. "म्हणजे?"

"म्हणजे तिकीट राहू दे. दुकानात हत्यारं आहेत माझी. ती आवरायला बुधवार पुरेल."

"बाबा, मी येते ना दुकानात," वेनछिन म्हणाली. "मला काही जड नाही."

"मला माहीत आहे."

पेइयिंग उठली, गोड लसणाची बशी तिने सासऱ्यांच्या हाताशी आणून ठेवली आणि परत बसली. ज्येनगांग बापाच्या नखावरचा काळा ठिपका बघत होता. दोन दिवस तो सगळे बघत होता. हा ठिपका त्याला आत्ता दिसत होता.

दांग यांनी वाडगा ढवळला नाही. शिआनचे लोक तो ढवळत नाहीत, कडेकडेने खातात, म्हणजे मधली ऊब टिकते. त्यांनी कडेचा एक गोळा चमच्यावर घेतला. चमचा तोंडापर्यंत नेताना दोनदा हलला, थोडा रस्सा छातीवर सांडला. त्यांनी तो पुसला नाही. गोळा आतून कच्चाच होता. ते सावकाश चावत राहिले. टेबलाखाली त्यांचा पाय आता थांबला होता. वेनछिनच्या वाडग्यात मात्र ते बारीक कण रस्सा पिऊन फुगत चालले होते, आणि तिने अजून चमचा उचलला नव्हता.