रस्त्यापलीकडचं मत

"काका, आपका घर तो हमारी विधानसभा में आता ही नहीं," आमदार भैयाजींचा सहायक मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला.

"हव, पण माणूस तर तुमचाच ना मी!" हिरालाल मेश्राम काकुळतीला आले. "पाच चुनाव बूथवर बसलो भैयाजीसाठी. दोनदा पडले, तवाही बसलो."

ते खोटं नव्हतं. या मतदारसंघाचा सारा इतिहास हिरालालांना तोंडपाठ होता. कोण कधी निवडून आलं, कोणाचं डिपॉझिट गेलं, भैयाजी एकदा तीनशे बारा मतांनी कसे वाचले, सगळं. मग फेररचना झाली आणि भनपुरीतला त्यांच्या घरासमोरचा रस्ताच हद्द ठरला. डावीकडचा पारा, म्हणजे तिकडची वस्ती, भैयाजींकडे राहिली, उजवीकडची घरं शेजारच्या मतदारसंघात गेली. हिरालालांचं घर उजवीकडे. बाकीच्यांनी निमूट नवा आमदार मानला. या शहाण्यानं मात्र स्वतःचं आणि बायकोचं नाव रस्त्यापलीकडे राहणाऱ्या भावाच्या, दयारामच्या पत्त्यावर नेऊन ठेवलं. निष्ठा म्हणतात ती हीच, आणि तिला अक्कल नसते हेही तितकंच खरं.

आता रस्ता रुंद करायला उजवीकडची रांग पाडायची होती. मशीन उद्या येणार होतं. शेजारच्या आमदारानं शब्द टाकून आपल्या मतदारांच्या सात घरांना मुदत मिळवून दिली होती. हिरालाल तसेच त्याच्या कार्यालयात धावले. तिथं क्षमा नावाच्या मुलीनं मतदारयादी दोनदा वरून खाली पाहिली.

"अंकल, आपका नाम ही नहीं है इसमें."

"पण घर आहे ना, पोरी! सत्तावीस वर्षं झाले."

"घर है अंकल, वोट नहीं है." तिला खरंच वाईट वाटत होतं, पण तिच्या वाईट वाटण्यानं काय होणार?

शांताबाई दारातच वाट पाहत होत्या. नवऱ्याचा चेहरा पाहून काय झालं ते त्या समजल्या.

"मी तवाच म्हटलं होतं, घर हाये तिथंच नाव असू द्या. काहून नाही आयकलं माह्यं?"

"चुकलं शांता," हिरालाल म्हणाले आणि ओट्यावर बसून लहान मुलासारखे रडले.

सकाळी मशीन आलं. सात घरं ओलांडून ते हिरालालांच्या दाराशी थांबलं. सोबतच्या साहेबानं ओळखपत्र मागितलं. हिरालालांनी खिशातून मतदार कार्ड काढून दिलं. फेररचनेपासून हेच कार्ड त्यांनी अभिमानानं दाखवलं होतं. साहेबानं त्यावरचा दयारामच्या घराचा पत्ता वाचला.

"आप तो उधर रहते हो," तो म्हणाला आणि त्यानं कागदावर लिहिलं, 'मकान खाली.' म्हणजे घर रिकामं, इथं कोणी राहत नाही.

"नाही साहेब, आम्ही इथंच..." हिरालालांचं बोलणं मशीनच्या आवाजात ऐकूच गेलं नाही.

आत शांताबाई घर झाडत होत्या. केरानं भरलेली सुपली घेऊन त्या बाहेर आल्या आणि केर कुठं टाकावा ते न कळून दारातच उभ्या राहिल्या.