आठवं घर

कोनराड स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मान जराशी झुकवून त्यांनी मंजुषाताईंना रोजचं ते जर्मन वाक्य ऐकवलं. चार वाजले होते.

"हो, हो, ठेवलाय चहा. बसा तुम्ही," मंजुषाताई म्हणाल्या.

टेबलाशी बसलेल्या फेलिक्सने हातातला कप खाली ठेवला. "आंट मंजू," तो इंग्रजीत म्हणाला, "ते चहा मागत नाहीयेत."

फेलिक्स हा कोनराडच्या थोरल्या भावाचा मुलगा. कालच जर्मनीहून अबुधाबीला उतरून तो अल ऐनला आला होता. मंजुषाताई आणि कोनराडच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण सासरचं माणूस या घरात आलं ते पहिल्यांदाच.

मंजुषाताई एक्क्याऐंशी साली रोह्याहून इथे नर्स म्हणून आल्या. कोनराड तेव्हा विहिरींवर पंप बसवायचे. एकदा पंपाच्या पट्ट्यात त्यांची तीन बोटं सापडली आणि तीन आठवडे त्यांचं ड्रेसिंग मंजुषाताईंकडे आलं. केसपेपरवर नाव होतं, कोनराड प्रिन्स फॉन लिंडेनराट. वॉर्डातल्या मल्याळी नर्सना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांच्यात प्रिन्स नावाचे भाऊ, मेव्हणे ढिगाने. एकीने तर गोऱ्या माणसाला थट्टेने विचारलंही, "केरळात कुठले?"

खरा प्रकार कोनराडनी लग्न ठरल्यावर सांगितला, तोही एखादी लबाडी कबूल करावी तसा. आजोबांचं खरंच राज्य होतं. सायकलवरून एका दिवसात पालथं घालता येईल एवढं. १९१८ साली जर्मनीतले सगळे राजे गेले, तसे तेही एका कागदावर सही करून मोकळे झाले आणि जेवायला घरी आले. पदवी तेवढी आडनावात उरली. पंचेचाळीस साली रशियन सैन्य आलं आणि राहता वाडाही गेला. पाच वर्षांचे कोनराड आई आणि भावाबरोबर बर्फातून चालत निघाले. याच्या पुढचं त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि जर्मन भाषा घरात आणली नाही.

लग्नाचं कळवल्यावर वडिलांचं चार ओळींचं पत्र आलं. मुलगी बरोबरीच्या कुळातली नाही, सबब घराण्याच्या यादीतून तुझं नाव कमी केलं आहे. कोनराडनी पत्र वाचलं, घडी घातली आणि वाळवंटात स्वेहान गावाला एक पंप बिघडला होता तिकडे गेले.

मंजुषाताई त्यांना "अहो" म्हणायच्या. लग्नानंतर वर्षभर कोनराडना वाटत होतं, मराठीत नवऱ्याचं नावच "अहो" असतं.

गेल्या दोन वर्षांत सगळं एकेक करून गळत गेलं. आधी माणसांची नावं, मग इंग्रजी. आठ महिन्यांपूर्वी, हिवाळ्यात एके सकाळी मंजुषाताईंनी "अहो" हाक मारली, तर कोनराडनी वळूनही पाहिलं नाही. उरली ती लहानपणची जर्मन. मुलीने, ईशानीने, फोनवरच्या भाषांतराचा प्रयोग करून पाहिला होता. पण कवळी नसलेल्या तोंडातलं ते पुटपुटणं फोनलाही कळेना. त्याने "पूल" आणि "पाव" एवढंच सांगितलं.

"मग काय म्हणतात ते?" मंजुषाताईंनी विचारलं.

फेलिक्स त्यांच्याकडे वळला. "म्हणतात, बाई, आम्हाला इथे किती दिवस राहता येईल?"

"आम्हाला?"

"आजी दोन पोरांना घेऊन अनोळखी घरांची दारं ठोठावायची. विचारायला कोनराडकाकांना पुढे करायची. पाच वर्षांच्या पोरावर कोण ओरडणार? माझे वडील सांगायचे, सात घरं झाली. राहतील तिथे पोरंही कामाला हात लावायची. सगळीकडे थोड्या दिवसांनी सांगायचे, आता निघा."

"आणि मी कोण?"

"तुम्ही घराच्या मालकीणबाई."

मंजुषाताईंनी गॅस बंद केला. आज ना उद्या आपण त्यांच्या आठवणीतून जाणार, हे त्यांना नर्स म्हणून ठाऊक होतं. पण आपण दुसरंच कोणीतरी होऊ, हे डोक्यात आलं नव्हतं. आणि आठ महिने एक पाच वर्षांचं पोर रोज निवारा विचारत होतं, तर आपण त्याला चहा देत होतो.

फेलिक्स आला होता तो ईशानीच्या पत्रावरून. जुन्या वाड्यात आता ट्रस्टचा वृद्धाश्रम आहे, तळमजल्यावर एक खोली काकांसाठी ठेवली आहे, असं त्याने सांगितलं. बरोबरीच्या कुळाचा तो जुना नियम कधीच रद्द झाला. यादीत काकांचं नाव परत घेतलंय, मंजुषाताईंचंही. खोली मात्र एकाचीच. मंजुषाताईंनी जाऊन-येऊन राहावं.

तो आंघोळीला गेल्यावर ईशानीचा दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधून फोन आला.

"आई, प्लीज बी प्रॅक्टिकल. यू आर सिक्स्टी-नाइन. परवा त्यांना उठवताना तुझी कंबर धरली. तिथे ट्रेन्ड स्टाफ आहे, सगळे जर्मन बोलणारे. तुला तर कळतही नाही बाबा काय म्हणतात."

"आज कळलं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं.

"बट आई, ही डझन्ट ईव्हन नो यू."

"हो. पण विचारायला माझ्याकडेच येतात ना!" मंजुषाताई म्हणाल्या. "सात घरांनी त्यांना जा म्हणून सांगितलंय, ईशू. आठवं माझं नको."

"आणि तुझी कंबर?"

"माणूस ठेवू सकाळी दोन तास. रात्रीचं बघू पुढे, इन्शाल्ला."

ईशानीने नाक ओढलं. "ओके. शनिवारी येते. खलास, भांडत नाही."

फेलिक्सनेही वाद घातला नाही. सकाळी निघताना त्याने काकांना मिठी मारली. त्यांनी त्याला काहीतरी विचारलं, त्याने हसून उत्तर दिलं. "विचारत होते, प्रवास लांबचा आहे का."

"मला त्यांच्या प्रश्नाचं उत्तर शिकव," मंजुषाताई म्हणाल्या.

गाडीशी उभं राहून त्याने ते वाक्य चार वेळा म्हणून दाखवलं. त्यांनी ते गोळ्यांच्या खोक्यावर देवनागरीत लिहून घेतलं.

दुपारी त्या गवार मोडत बसल्या होत्या. चार वाजता कोनराड आले, मान झुकवून त्यांनी विचारलं. मंजुषाताईंनी हात पदराला पुसले, उभ्या राहिल्या आणि खोक्यावर पाहून सावकाश म्हणाल्या, "झो लांगं झी वोलन."

हवे तितके दिवस.

कोनराडनी पुन्हा मान झुकवली. मग त्यांनी दाराकडे वळून, तिथे आई आणि भाऊ उभे असावेत तसं, एक-दोन शब्दांत काहीतरी सांगितलं. मग ते आदबीने खुर्चीच्या टोकावर बसले, आणि टेबलावरची मूठभर गवार त्यांनी आपल्यापुढे ओढली. एवढ्या वर्षांत त्यांनी भाजीला कधी हात लावला नव्हता. मंजुषाताईंची बोटं बघून त्यांनी एका शेंगेचं टोक खुडलं, शीर ओढून काढली, आणि ती शेंग बरोबर जमली का म्हणून त्यांच्यापुढे धरली.

मंजुषाताईंनी मान डोलावली आणि ताटातली अर्धी गवार त्यांच्या बाजूला सरकवली.