रंग न लावायची जागा

अशी कल्पना करा, की तुम्ही एका जुन्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसला आहात. डोळे मिटायची गरज नाही. मिटले तर पुढचं वाचणार कसं? गाडी चांगली सत्तर वर्षांची आहे. दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले, दाराची मूठ थंडगार, सीटला जुन्या चामड्याचा वास. चावी फिरवा, आणि स्टिअरिंगच्या बाजूचं काळं बटण दाबा. इंजिनाने घरघरायला हवं ना? पण गाडी म्हणते, ‘टक्’. पुन्हा दाबा. ‘टक्’. बस्स, एवढंच.

आता हा ‘टक्’ लक्षात असू द्या. मुंगीने त्या दुपारी तो इतक्यांदा ऐकला, की मोजायचंच सोडून दिलं.

मुंगी नऊ वर्षांची. सदा काही ना काही उचलून इकडून तिकडे नेत असायची, म्हणून हे नाव पडलं. गाडी तिच्या आजोबांची. आजोबा रंगारी, चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. काम सोडलं तरी हाताची सवय सुटली नाही. आमच्या घरात जे हलत नाही त्याला रंग लागतो, असं मुंगीची आई म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. फाटक झालं, नळ झाले, बादलीच्या कड्या झाल्या. एकदा आजोबांनी पुढच्या दाराचं कुलूपसुद्धा आतून-बाहेरून रंगवलं होतं. मग चार दिवस सगळं घर मागच्या दाराने ये-जा करत होतं.

गाडी वर्षभर गॅरेजात बंद पडून होती. आईला ती जागा शिवणाच्या मशिनींसाठी हवी होती. कापडाचे तागे पलंगाखाली ठेवून ठेवून ती कंटाळली होती, आणि तिचं म्हणणं रास्त होतं. शेवटी आजोबा आणि आई, या बापलेकीत ठरलं ते असं: गाडी चालू झाली तर अंगणात छपराखाली राहील, नाही झाली तर शनिवारी पाच वाजता तंत्रशाळेची माणसं येऊन तिला ओढून नेतील, मुलांना शिकायला. आजोबांनी शब्द दिला होता. रोज संध्याकाळी त्या बंद गाडीत बसून ते मुंगीला कुठे कुठे ‘फिरवून’ आणायचे, ते मात्र त्यांनी बोलण्यात येऊ दिलं नव्हतं.

आज शनिवार होता, आणि दुपारचे तीन वाजले होते.

बॅटरीवाल्या मावशी दीड वाजल्यापासून बॉनेटमध्ये डोकं खुपसून होत्या. गाड्यांची वायरिंग दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. केसांचा बुचडा, त्यात खोवलेला स्क्रू-ड्रायव्हर, आणि एक सवय: हात चालू असताना तोंडाने शिकवत राहायचं, ऐकणारा असो वा नसो. आज ऐकायला मुंगी होती.

आधी सोपं ते बघायचं, असं म्हणून मावशींनी बॅटरी तपासली. ती भरलेली निघाली. मग त्यांनी बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी भुकटी घासून काढली. दिवे लावून पाहिले, तर लागले. पण बटण दाबलं की ‘टक्’ व्हायचं आणि दिवे एकदम मलूल व्हायचे.

मुंगीने विचारलं, की वीज आहे तर इंजिन का फिरत नाही? मावशी खूश झाल्या. त्यांनी समजावलं, की वीज बॅटरीतून नुसती बाहेर पडून भागत नाही, तिला परत घरीही यावं लागतं. जायला तिच्यासाठी वायर असते. यायला मात्र गाडीचं लोखंडी अंगच वापरतात, आणि त्या अंगाला बॅटरीशी जोडणारी एकच जाड वायर असते. परतीची वाट अडली, तर वीज निघतच नाही. वाट थोडी अडली, तर दिव्यापुरती येते. शाळेचं दार फटीएवढं उघडं असेल तर एखादं पोर अंग चोरून बाहेर पडेल; पण शाळा सुटल्यावरची सगळी झुंड कशी पडणार? आणि इंजिनाला पहिली गिरकी देणाऱ्या स्टार्टरला लागते ती झुंड.

“पेंटरकाका, ही जाड वायर घट्ट आहे ना?” मावशींनी विचारलं.

आजोबांना जरा लागलंच. वायर त्यांनी स्वतः पान्याने आवळली होती. हवं तर हलवून बघा, म्हणाले. मावशींनी हलवून पाहिली. वायर तसूभर हलली नाही. बोल्टभोवती राखाडी रंग कसा तुकतुकीत बसला होता. मावशींनी मान डोलावली आणि त्या पुढे सरकल्या.

मुंगीला मात्र तो राखाडी रंग बघून घाम फुटला.

झालं होतं असं. पंधरा दिवसांपूर्वी आजोबांनी बॅटरी काढून ठेवली होती आणि मुंगीच्या हातात छोटा ब्रश देऊन सांगितलं होतं, की बॉनेटखाली जिथे गंज दिसेल तिथे रंग लाव. मुंगीने गंज संपवला. मग तिला एक जागा दिसली, बशीच्या तळाएवढी, मधे बोल्टचं भोक. तिथे गंज नव्हता, नुसतं उघडं लोखंड चमकत होतं. रंगाऱ्याच्या नातीला उघडं लोखंड कसं बघवणार? तिने ते रंगवलं. दुसऱ्या दिवशी आजोबांनी त्याच भोकात वायर आवळली.

साडेतीन झाले. मावशींनी स्टार्टरवर हातोडीच्या दांड्याने दोन टोले दिले, बटण दाबलं, ऐकलं. मग हात पुसत त्या म्हणाल्या, की स्टार्टर गेला असणार. उतरवून दुकानात न्यावा लागेल, आठवडा तरी जाईल.

 आजोबांनी खिशातून रुमाल काढला आणि ते गाडीचा आरसा पुसायला लागले. आरसा स्वच्छच होता. तरी पुसत राहिले.

मुंगीला वाटलं, गप्प बसावं. कुणाला कधी कळणारही नाही. पण आजोबांचा हात त्या आरशावर गोल गोल फिरत होता, ते तिला बघवेना.

“मावशी,” ती म्हणाली, “रंगातून वीज जाते का?”

“रंगातून? छे गं. का?”

मुंगीने बोट दाखवलं. “त्या जाड वायरीच्या खाली मी रंग लावलाय.”

मावशींच्या हातातला पाना तसाच राहिला. त्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी वायरीकडे पाहिलं, मग मुंगीकडे.

“रंगाचे किती हात दिलेस?” त्यांनी विचारलं.

“तीन.”

“मधे वाळू दिलास?”

“प्रत्येक वेळी.”

“मग काम चोख झालंय,” आजोबा म्हणाले, आणि हसू दाबता दाबता त्यांना ठसका लागला.

मावशींनी कपाळावर हात मारला. चूक मात्र त्यांनी आपल्या पदरात घेतली: घट्ट आहे एवढ्यावर मी भागवलं, खालचं बघितलं नाही. तरी खात्री केल्याशिवाय पुढे जायचं नाही म्हणून त्यांनी दोन वायरी जोडलेला एक बल्ब काढला. एक वायर इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावली, दुसरी बॅटरीच्या त्या टोकाला, जिथे जाड वायर येते, आणि बल्ब मुंगीच्या हातात दिला. बटण दाबल्यावर हा लागता कामा नये, त्यांनी बजावलं. लागला, तर वीज नेहमीची वाट सोडून या चोरवाटेने घरी येतेय असं समजायचं.

आजोबांनी बटण दाबलं. ‘टक्’. मुंगीच्या मुठीत बल्ब लख्ख पेटला.

मग काय, बोल्ट निघाला, वायर बाजूला झाली. आजोबांनी पॉलिश पेपरचा तुकडा फाडून मुंगीला दिला. लावलास तू, काढणार पण तूच, असं म्हणाले खरे. पण अर्ध्या वाटेत त्यांना राहवेना, आणि दोघं मिळून घासायला लागले. तीन हातांचा रंग सहजासहजी सुटतोय थोडाच? पहिल्यांदा राखाडी भुकटी पडली. मग एक चमकती रेघ दिसली. मग अख्खी जागा आरशासारखी उघडी झाली. मावशींनी वायरीचं टोकही घासलं आणि बोल्ट आवळला.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आजोबांनी मुंगीला स्टिअरिंगपाशी बसवलं, गिअर सुटा आहे ना ते दोनदा पाहिलं आणि चावी तिला फिरवू दिली.

मुंगीने बटण दाबलं.

इंजिन खाकरलं. एकदा, दोनदा, आणि मग वर्षभराचा धूर मागे सोडून असं काही धडधडायला लागलं, की खिडकीची तावदानं थरथरली.  आजोबा गाडीच्या पायरीवरच बसले.

आवाज ऐकून आई हातात कात्री घेऊनच धावत आली. धुराकडे, आपल्या वडिलांकडे आणि लेकीच्या राखाडी झालेल्या नाकाकडे तिने आळीपाळीने पाहिलं. ओरडायला ती आली होती की हसायला, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

“बाबा, मग आता बाहेर काढा तिला,” शेवटी ती म्हणाली. “मला मशिनी लावायच्यात.” आणि तंत्रशाळेला नको म्हणून कळवायला ती स्वतःच आत गेली.

गाडी मागे मागे सरकत छपराखाली गेली, आणि मावशींनी सामान आवरलं. मुंगी बॉनेटजवळ आली. तिथे एक गोष्ट घडत होती. आजोबांनी खिशातून छोटा ब्रश काढला होता आणि ते त्या बोल्टच्या कडेला दिसणाऱ्या उघड्या लोखंडाकडे डोळे बारीक करून बघत होते.

मुंगीने त्यांच्या हातातून ब्रश अलगद काढून घेतला. पाट्यांचा पांढरा रंग आणला, आणि बोल्टपासून वीतभर दूर, आजोबांनी शिकवल्याप्रमाणे आधी खडूने रेघ मारून, मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘इथे रंग लावू’. एवढ्यात जागा संपली. म्हणून ‘नये’ तिने खालच्या ओळीत घेतलं आणि बोल्टकडे एक बाण काढला.

मग पहिला हात वाळायची वाट बघत ती तिथेच उकिडवी बसली. अजून दोन हात द्यायचे होते.