दिवेलागणीला डाव मोडा

पोराच्या हातातून मोबाइल सोडवायला जा आणि मांजराच्या तोंडातून मासा काढायला जा, ओरखडा ठरलेलाच. तुमच्या घरी हे रोज होत असेल. ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत गरिमाच्या घरीही व्हायचं. तिची लेक उन्नती जेवताना मोबाइल बघायची, अभ्यासाला बसली की तो मांडीखाली लपवायची. गरिमा तिच्यावर ओरडायची, नवरा गरिमावर ओरडायचा, आणि उन्नती कोणाचंच ऐकायची नाही.

मग ती ऐकू लागली. आईचं नव्हे हो, खालच्या मजल्यावरच्या इंदुताईंचं; आणि तेही मोबाइलमधून!

त्याचं असं झालं. इंदुताईंचा मुलगा अभिराम घरी बसून मोबाइलवरचे खेळ बनवायचा. एकटाच. कॉलनीच्या लेखी घरी बसणारा तो बेकार. वडील बळवंतराव बँकेतून रिटायर झालेले. मुलगा काय करतो, असं कुणी विचारलं की ते "कॉम्प्युटरचं काहीतरी" म्हणून विषय हवापाण्याकडे वळवायचे. त्या अभिरामनं आईच्या लहानपणीचे सागरगोटे मोबाइलवर आणले. एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईतो बाकीचे उचलायचे. खेळ साधाच, पण सुटता सुटेना असा.

इंदुताई माधवगंजात वाढलेल्या. त्यांच्या माहेरी शिरस्ता होता, दिवेलागणीला डाव मोडायचा. जिंकत असा की हरत असा, लक्ष्मी यायच्या वेळेला घरात पसारा नको. अभिरामनं तो शिरस्ताही खेळात घातला. ज्या गावी मोबाइल, त्या गावचा सूर्य मावळला की गोटे आपोआप टोपलीत जायचे आणि सकाळपर्यंत खेळ बंद. जाता जाता आवाज यायचा, "दिवेलागण झाली! डाव मोडा, हातपाय धुवा!" हा आवाज खुद्द इंदुताईंचा. पंखा बंद करून, भोवती रजया लावून अभिरामनं तो घरातच टिपला होता. हिंदीतही त्याच बोलल्या होत्या, "दिया-बत्ती का टाइम हो गया! खेल समेटो!" त्यातला मराठी हेल काही लपत नव्हता, आणि पोरांना नेमका तोच आवडला. खेळ गावोगाव पोचला. पोरं इंदुताईंची नक्कल करत मोबाइल खाली ठेवू लागली. आया दुवा देऊ लागल्या.

एका मोबाइलवर मात्र दिवेलागण कधी होत नसे. तो अभिरामचा स्वतःचा. "बनवणाऱ्याला तपासायला लागतो," असं तो म्हणायचा आणि जेवणाच्या ताटावरही गोटे उडवत बसायचा.

अशात बंगळूरच्या एका मोठ्या कंपनीनं खेळ विकत मागितला. मागणी घेऊन आला हेमेंद्र, अभिरामचा कॉलेजातला दोस्त, आता त्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. रक्कम ऐकून बळवंतरावांनी चष्मा काढून पुसला. नया बाजारात स्वतःचं ऑफिस घ्यायचं, दोन-चार पोरांना हाताशी घ्यायचं, हे अभिरामचं कधीचं स्वप्न. ते आता एका सहीवर आलं होतं. सही व्हायची होती, तरी बळवंतराव पेढे घेऊन आले आणि बॉक्स देवापुढे ठेवला.

"बस, एक बात है," हेमेंद्र फोनवर म्हणाला. "ती दिवेलागणीची भानगड काढावी लागेल. अरे, संध्याकाळीच तर लोक मोकळे होतात, आणि तू तेव्हाच दुकान बंद करतोस! आवाज मात्र पाहिजे. तुझ्या आईचा आवाज म्हणजे खेळाची जान आहे, यार. त्यांना त्रास नाही. आहे त्या रेकॉर्डिंगवरून मशीन नवीन वाक्यं बोलेल. फक्त त्यांना विचारून ठेव."

"आईच आहे रे. तिला काय विचारायचं!" अभिराम म्हणाला.

वाचकहो, हे वाक्य आपण सगळेच बोलतो. परक्याची छत्री घेताना दहा वेळा विचारू आणि घरच्या माणसाला गृहीत धरू.

दोन दिवसांनी हेमेंद्रनं नमुना पाठवला. वेळ नेमकी तिन्हीसांजेची होती. इंदुताई काडेपेटी घेऊन देवाकडे निघाल्या होत्या. गरिमा वाटी परत द्यायला येऊन दारात गप्पा मारत उभी होती. बळवंतराव आतल्या खोलीत होते. अभिरामनं मोबाइल लावला, आणि इंदुताईंचा आवाज घरभर घुमला.

"कुठं निघालास, बाळा? अजून एकच डाव! देवापाशी दिवा मी लावते, तू खेळ."

आतून बळवंतराव ओरडले, "अगं, खेळ काय म्हणतेस त्याला! हातपाय धुवायला सांग की! बरं आहे ना तुला?"

इंदुताई जागच्या जागी उभ्या होत्या. तोंड मिटलेलं होतं.

"हे मी कधी बोलले?" त्यांनी विचारलं.

"तू नाही गं, मशीन बोललं. तुझ्या आवाजावरून शिकतं ते."

"म्हणजे माझ्या तोंडून ते काहीही वदवणार?"

"काहीही कसं? खेळापुरतंच."

गरिमाचा चेहरा उतरला. "काकू, उन्नती माझं नाही ऐकत, सिर्फ तुमचं ऐकते. आता तुम्हीच तिला खेळ म्हणालात, तर मी काय करू? किसके पास जाऊँ?"

अभिराम चिडला. चिडणारच, हातातोंडाशी आलेला घास होता. "मी काय कुणाच्या हातात जबरदस्तीनं मोबाइल कोंबतोय? आपापली पोरं आपण सांभाळावीत! आणि मी नाही विकलं तर ते दुसऱ्याकडून असंच बनवून घेतील. जग थांबणार आहे का?"

"नाही थांबणार," इंदुताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "दुसऱ्यानं केलं तर ते दुसऱ्याच्या तोंडून होईल. तू खुशाल वीक. तुझी मेहनत आहे, तुझे गोटे आहेत, सगळं दे त्यांना. पण मला एवढं सांग, तू लहान असताना मी तुला कधी असं अडवून धरलं होतं का? दिव्याच्या वेळी, जेवायच्या वेळी, अजून एक डाव खेळ म्हणून?"

अभिरामनं मोबाइल पालथा ठेवला.

"मग लोकांच्या लेकरांना मी तसं का म्हणावं? त्यांनी माझं काय घोडं मारलंय? आणि पेढे आणलेत बापलेकांनी, देवाला दाखवलेत. मला विचारलंत का रे कुणी? माझाच आवाज ना तो?" एवढं बोलून मात्र त्यांचे डोळे भरून आले.

बळवंतराव बाहेर येऊन ऐकत होते. सौद्याची घाई सगळ्यात जास्त त्यांनाच झाली होती. आता ते खुर्चीवर मटकन बसले.

"अभि, मी फसलो रे," ते म्हणाले. "जन्म गेला हिच्याबरोबर. उठल्यापासून निजेपर्यंत हाच आवाज ऐकतो मी. आणि मी फसलो! मग ती एवढीशी पोरं काय करतील?"

बापरे! अभिरामच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. आपण इतके दिवस खेळ विकतोय, असं तो समजत होता. पण कंपनीला गोटे नकोच होते. पोरांचा ज्या आवाजावर विश्वास बसला होता, तो हवा होता. आणि तो विश्वास बसला होता, कारण तो आवाज पोरांना वेळेवर खेळातून उठवायचा!

त्यानं तिथंच हेमेंद्रला फोन लावला. "दिवेलागण राहील आणि आई जे बोलली तेच बोलेल. चालत असेल तर घ्या."

"पागल है क्या? इतकी मोठी ऑफर परत येत नसते, भाई!"

"माहीत आहे."

"मग रहने दे," हेमेंद्र म्हणाला आणि फोन ठेवला.

आता टाळ्या पिटू नका. अभिरामला वाईट वाटलं, आणि बरेच दिवस वाटत राहिलं. नया बाजारातलं ऑफिस गेलं ते गेलंच. कॉलनीतल्या शहाण्यांनी त्याला करंटा ठरवून टाकलं. पण त्याच रात्री जेवणाआधी त्यानं स्वतःच्या मोबाइलला दिलेली सूट काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायला आला. अभिराम डाव ऐन रंगात आणून बसला होता. हातातून आवाज आला, "दिवेलागण झाली! डाव मोडा, हातपाय धुवा!" आणि पाठोपाठ देवघरातून तोच आवाज आला, "ऐकलंस ना? ऊठ मग!"

तो उठला.

मंडळी, जो घास आपण आपल्या लेकराच्या ताटात वाढणार नाही, तो लोकांच्या लेकरांच्या ताटात वाढू नये. मग वाढणावळ कितीही मिळो. व्यापार करा, नाव काढा, पैसा मिळवा, पण आईचा शब्द उलटा करून विकू नका.

राहता राहिले पेढे. ते बळवंतरावांनी कॉलनीत घरोघर जाऊन वाटले. गरिमाच्या दारात तिच्या नवऱ्यानं विचारलं, "बधाई हो, काका! झाला म्हणायचा सौदा?"

"नाही झाला!" बळवंतराव म्हणाले आणि त्याच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.