काचेवरची वाफ

आमच्या काचेच्या दुकानात दोघे भाऊ जोडीने तावदानं वाहतात. वडील गेल्यापासून दोघांत अबोला होता आणि पावलांचा मेळही गेला होता. महिन्यात दोन काचा फुटल्या. मी बजावलं, "तिसरी फुटली की ही जोडीच फोडतो."

एका गारठलेल्या सकाळी मोठी काच तिसऱ्या मजल्यावर न्यायची होती. काचेच्या अल्याड थोरला, पल्याड धाकटा, दोघांचीही तोंडं फुगलेली. श्वासाची वाफ काचेवर उमटे, पण एकाची आली की दुसऱ्याची विरे. मी मागून त्या वाफा मोजत होतो. हिशेबी माणसाला दुसरं काय सुचणार?

वळणावर काच डगमगली. थोरला थांबला. "काच वाहताना बाबांना नेमकी जिन्याच्या वळणावरच शिंक यायची."

"आणि दाबून धरायचे! कानापर्यंत लाल व्हायचे."

"दवाखान्यात शेवटचे शिंकले, तेव्हा म्हणाले, 'आता हात मोकळे आहेत रे.'"

धाकट्याला हसू फुटलं, मागोमाग हुंदका. थोरल्याचंही तेच झालं.

मग दोन्ही वाफा एकदम उमटू लागल्या, एकदम विरू लागल्या. पावलंही कुणी न सांगता जुळली.

काच चौकटीत बसल्यावर धाकट्याने विचारलं, "मालक, जोडी फोडताय ना?"

"खाली अजून पाच काचा आहेत. त्या काय मी एकटा चढवू?"