तुहामीच्या सल्ल्याने भरलेले खोके

जुनं प्रक्षेपण बंद होणार अशी घोषणा झाली, त्याच दिवशी माझा धाकटा भाऊ तुहामी दुकानात येऊन ऐसपैस बसला.

"ताई, चांदी आहे तुझी! जुन्या टीव्हीला आता नवा सिग्नल पकडणारा खोका लागणार. अख्ख्या ताझा गावात टीव्हीचं जुनं दुकान म्हणजे आपलंच."

"मी डिश ठेवायच्या म्हणत होते."

"डिशच्या नादी लागू नकोस गं. लोकांच्या गच्च्यांवर तू चढणार आहेस का? खोके भर. गिऱ्हाईक मी पाठवतो."

डिश बसवणं हा त्याचाच उद्योग. गावातली प्रत्येक गच्ची त्याला पाठ, मग त्याचं नाही तर कोणाचं ऐकायचं? बाबांचं दुकान तसंही धापा टाकत होतं. मी लग्नातला सोन्याचा कंबरपट्टा मोडला आणि दुकान खोक्यांनी भरून टाकलं.

प्रक्षेपण बंद झालं ते रमजानच्या तोंडावर. रोजा सोडल्यावर मालिका पाहिल्याशिवाय आमच्याकडे कोणाला हरीराचं सूप पचत नाही. म्हणून त्या गुरुवारी मी दुकान पहाटेच उघडलं आणि पुदिन्याचा चहा करून गर्दीची वाट पाहत बसले. चहा निवून गेला. शेवटी शेजारच्या बतूलबाई, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत लल्ला बतूल, पाव घेऊन जाताना दिसल्या.

"लल्ला, टीव्ही बंद पडला ना तुमचा?"

"छे गं, झकास चाललाय! तुझ्या भावानेच नवी डिश बसवली ना. आमच्या सगळ्या गल्लीला बसवली. म्हणाला, डिश असली की काही लागत नाही, खोके घेऊन फसू नका." तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या फळ्यांकडे गेलं. "अगंबाई! तुला बोलला नाही?"

मी रस्त्यावर येऊन वर पाहिलं. गच्चीगच्चीवर कोऱ्या डिश, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. इतके दिवस मी मान वर करून पाहिलंच नव्हतं. स्वतःचीच लाज वाटली, आणि त्याचा भयंकर संताप आला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे आईकडे कुसकुस, वाफवलेला रवा आणि वर मटण. एका परातीभोवती आम्ही तिघं बसलो.

"मला खोके भरायला लावलेस आणि गावभर डिश विकल्यास?"

तुहामी शांतपणे कुसकुसचा गोळा वळत होता. "तू डिश ठेवल्या असत्यास तर मी काय खाल्लं असतं, ताई? धंदा आहे हा."

कोपऱ्यात आईचा जुना टीव्ही चालू होता. त्याच्याजवळ माझा खोका नव्हता.

"आई, तुझ्याकडे डिश कधी बसवली?"

"सगळ्यांच्या आधी," तुहामीच म्हणाला.

"तुला ठाऊक होतं, आई?"

"जेवताना भांडू नका," आई म्हणाली.

आमच्याकडे मटण परातीच्या मधोमध शेवटपर्यंत राहतं, मग आई वाटते. बाबा गेल्यापासून पहिला तुकडा माझ्यापुढे येई, कारण घर दुकानावर चालायचं. आईने तुकडा उचलला, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तुहामीपुढे ठेवला.